खोळंब्याचा जमाखर्च

पनवेलहून पेण, वडखळ, नागोठणे आणि कोलाडवरून दक्षिणेस जाणाऱ्या महामार्गावर वाहनांची रांग लागली, की वाया गेलेल्या डिझेलचीच तेवढी हळहळ होते. वस्तुतः गाडी उभी असली तरी तिच्या कर्जाचे व्याज आणि चालकाचा रोजमुरा उभा राहत नाही, आणि याहूनही उपेक्षित असा खर्च असतो तो अनिश्चिततेचा. हमरापूर-जोह्याच्या मूर्तिकाराचा माल चतुर्थीपूर्वी पोहोचलाच पाहिजे, कारण नंतर त्यास गिऱ्हाईक नाही. तेव्हा वाटेत दोन तास मोडतील की सहा, हे ज्यास ठाऊक नसते, त्यास बेगमी सहा तासांचीच करावी लागते, मग ऐन वेळी रस्ता मोकळा का मिळेना.

रोहे महामार्गावर नाही, सबब रोहेकरांस त्याची झळ नाही, हाही समज भोळाच. धाटावच्या रासायनिक कारखान्यांचा मुंबईकडील माल नागोठण्यास वा कोलाडास त्याच रस्त्याला लागतो, आणि गणेशोत्सवात चाकरमान्यांची वाट मोकळी राहावी म्हणून जड वाहनांस मनाई होते, तेव्हा तिचा आकार सरकारी दफ्तरात कोठेच न पडता कारखानदाराच्या नि ट्रकमालकाच्या खतावणीत पडतो. मनाई गैर आहे असे नव्हे. ती फुकट नाही, इतकेच.

रस्ता रुंद झाला की कोंडी कायमची मिटते, या श्रद्धेस अँथनी डाऊन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1962 मध्येच धक्का दिला. शहरालगतच्या द्रुतमार्गांवर गर्दीच्या वेळची वाहतूक वाढत वाढत नव्या क्षमतेला गाठते, असे त्याचे प्रतिपादन होते. कारण पूर्वी जे आडवेळी, आडवाटेने किंवा आगगाडीने जात, तेही नव्या रस्त्यावर येतात. 2024 मध्ये अटल सेतू खुला होऊन मुंबई जवळ आलेल्या पेणकरांनी हे ध्यानी ठेवलेले बरे. अधिक माणसे प्रवास करू लागली हा लाभच होय, म्हणून डाऊन्सचा आधार घेऊन रुंदीकरणच निरर्थक ठरवणे हा उलट दिशेचा गैरसमज झाला.

परंतु सर्वांत महाग समजूत ही, की काम रेंगाळले तर पैसा निदान शिल्लक राहतो. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरांचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले आणि भूसंपादन, कर्णाळा अभयारण्यालगतच्या परवानग्या व मक्तेदाराची आर्थिक ओढाताण यांत वर्षानुवर्षे अडकले. अशा अवधीत गुंतलेले भांडवल व्याज खाते, सिमेंट-पोलादाचे भाव चढतात, आणि खोदकामाने व वळणरस्त्यांनी जुन्या रस्त्याची होती ती क्षमताही घटते. एखादा पूल अपुरा असेल, तर त्याच्या अलीकडे-पलीकडे सिद्ध झालेले चारही पदर गाड्यांना त्या पुलाच्या तोंडाशी अधिक वेगाने आणून उभे करण्यापुरतेच उपयोगी पडतात.