वैद्यकाच्या वर्गातला नीतीचा तास

जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे शरीररचना, औषधशास्त्र शिकवतात हे कुणालाही समजते. पण डॉक्टरांना नीतीही शिकवावी लागते म्हटले, की लोक हसतात. "ती घरूनच आणायची असते!" म्हणतात. बोलणे ठसकेबाज खरे, पण पुरेसे नाही.

समजा, मंठ्याकडची एखादी बाई पोटदुखीने दवाखान्यात आली. बरोबर सासू आणि नवरा. नवरा म्हणतो, "साहेब, काय ते तुम्हीच ठरवा." कागदावर अंगठा उठतो. बाईला विचारले कुणी? इथे सज्जन डॉक्टरही घसरतो, कारण त्याचा हेतू चांगलाच असतो.

दिल्लीतला एक खटला पाहा. एका ४४ वर्षांच्या बाईने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीत असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले, की तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. बाई सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही. मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते.

शिक्षकाने हा निकाल नुसता घोकून घेतला, तर तास फुकट गेला. प्रसंग मांडावा आणि मुलांना भांडू द्यावे. एखादा म्हणेल, "पुन्हा भूल, पुन्हा खर्च, नुकसान बाईचेच!" मुद्दा खोटा नाही हं. पण शरीर कुणाचे, हा प्रश्न त्यातूनच वर येतो.

२०१९ पासून देशभर एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद यांचे पाठ आहेत. पहिल्याच वर्षी एक पाठ असतो, विच्छेदनाचा मृतदेह हा आपला पहिला गुरू. स्वतंत्र विभाग मात्र बहुधा नसतो. शरीरक्रियेचे किंवा न्यायवैद्यकाचे अध्यापकच हे काम सांभाळतात.

अवघड प्रश्नही त्यांच्याच पुढ्यात येतात. मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांच्या वतीने कुणी बोलायचे? २०११ साली न्यायालयाने लेखिका पिंकी विराणी यांचा अर्ज फेटाळला आणि सेवा करणाऱ्या रुग्णालयाचे म्हणणे मानले.

मंठ्याच्या बाईचे काम त्यामानाने सोपे. कागद तिच्या बोलीत वाचून दाखवायचा, नि "काय समजलं, सांगा बघू" असे तिलाच विचारायचे. पण त्याला पाच मिनिटे लागतात, आणि बाहेर रांग असते.