विश्लेषण : जुन्या गाडीचे होज, थर्मोस्टॅट बिघडण्याआधीच का बदलावेत?

उन्हाळ्याच्या दुपारी कल्याण-बदलापूर रस्त्यावर उल्हासनगरच्या १७ सेक्शनला किंवा अंबरनाथच्या मटका चौकात अडकलेल्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा वर सरकू लागतो. गाडी वेगात असताना रेडिएटरला समोरून वारा मिळतो. कोंडीत सारी भिस्त पंख्यावर. त्यात एसी सुरू. नव्या गाडीला हे सोसते, दहा-बारा वर्षे जुन्या गाडीला सोसेलच असे नाही.

कूलंट दाबाखाली फिरते, म्हणूनच ते १०० अंशांना उकळत नाही. पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने होज पाइपचे रबर फुगते किंवा तडकते, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या ठिसूळ होतात, झाकणाची स्प्रिंग सैल पडते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला, तर कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नाही. एवढ्याशा भागापायी इंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि इंजिन उघडावे लागते.

त्यामुळे एकेक भाग फुटण्याची वाट न पाहता ते एकत्र बदलणे परवडते. अनेक गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. बेल्टसोबत पंपही बदलला, तर तीच मजुरी पुन्हा पडत नाही.

रोज थोडे पाणी ओतून गाडी रेटणे ही आपल्याकडची जुनी सवय. पण पातळी सतत घटते म्हणजे कुठेतरी गळती आहेच. बोअरचे पाणी तर क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजवते.

काटा लाल पट्टीकडे गेलाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण सुरू आणि बाजूला जागा मिळताच इंजिन बंद. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. उकळते कूलंट थेट तोंडावर उडते.