डुक्कर फियाटच्या पुढल्या दाराचा लॅच

फियाटने १९५३ साली सादर केलेल्या आणि आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ या लाडक्या नावाने रूढ झालेल्या ‘अकराशे’ या मोटारीची पुढली दारे मधल्या खांबाला बिजागरीने जोडलेली असतात. सबब धावत्या गाडीत लॅच सुटला, तर वारा दार मिटवीत नाही, उलट ते सताड उघडून टाकतो, आणि म्हणूनच या लॅचची हयगय मला सर्वथा अक्षम्य वाटते.

दार नीट लागेना, की लॅच उखडण्याची घाई करू नये. प्रथम उघडे दार हाताने किंचित उचलून पाहावे. ते खालीवर हलत असेल, तर बिजागरीची पिन झिजून दार ओघळले आहे असे समजावे, आणि तो कसूर दूर केल्यावाचून स्ट्रायकर, म्हणजे लॅच ज्यात अडकतो तो चौकटीवरचा भाग, सरकवण्याचा खटाटोप व्यर्थ होय.

बिजागरी पक्की असल्यास, दार उघडेच ठेवून लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करावा. तो टप्प्यावर अडकून राहिला आणि हँडल ओढताच विनाविलंब मोकळा झाला, तर यंत्र निर्दोष. एरवी बहुधा गोठलेल्या ग्रीसचा व धुळीचा थरच स्प्रिंगची गती रोखून धरतो. तो रॉकेलने व ब्रशाने निपटून, सर्व भाग कोरडे करून, नवे ग्रीस बेतानेच लावावे.

लॅचच्या झिजलेल्या दातावर वेल्डिंगचा भराव चढवण्याची तजवीज काही कारागीर सुचवतात. परंतु उष्णतेने पोलादाची कठीणता जाते, म्हणून धडधाकट लॅच शोधून बसवणे हाच खरा इलाज.

स्ट्रायकर हलवण्यापूर्वी त्याच्या मूळ जागेभोवती पेन्सिलीने रेघ आखून ठेवावी. दुरुस्तीनंतर काच उतरवूनच दार प्रथम लावावे, म्हणजे लॅच अडकलाच, तरी आतल्या हँडलपर्यंत हात पोहोचतो.