चार इंचांची पट्टी

घुग्घुसच्या घरात स्कर्टिंगवरून ओलं फडकं फिरवलं तर ते काळं होतं. गडचांदूरला करडं-पांढुरकं. आष्टी-आलापल्ली रस्त्यालगतच्या घरांत, सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक जाऊ लागल्यापासून, विटकरी. चंद्रपूर शहरात यातला कुठलाच रंग निखळ मिळत नाही. आमच्याकडे सगळ्यांचं थोडं थोडं येतं.

भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथली ही तीन-चार इंचांची पट्टी. घर घेताना कुणी तिच्याकडे पाहत नाही, पाहुणे पाहत नाहीत, झाडू तिच्यापर्यंत जातो आणि परत फिरतो. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर 44 फूट. दाराची जागा वजा केली तरी 40 फूट पट्टी उरतेच. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ती सहज दोनशे फुटांवर जाते, आणि यातला प्रत्येक फूट उकिडवं बसून पुसावा लागतो.

शहराला लागून दुर्गापूरचं औष्णिक वीज केंद्र आहे. इथे सगळे त्याला नुसतं ‘थर्मल’ म्हणतात. पहिला संच 1983 साली सुरू झाला, आजची क्षमता 2920 मेगावॅट. भोवती दुर्गापूर, पद्मापूर, लालपेठच्या खाणी. पलीकडे बल्लारपूर, राजुरा, माजरी. कोरपना-राजुऱ्याकडे जमिनीत चुनखडी, म्हणून तिकडे सिमेंटचे कारखाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूर 83.88 गुण घेऊन चौथं आलं. गुणवत्ता यादीत जिल्ह्याचं नाव इतकं वर क्वचितच लागतं. तरी माझ्या पट्टीवरची धूळ कोणत्या धुराड्याची, कोणत्या ट्रकची की समोरच्या प्लॉटवर चाललेल्या बांधकामाची, हे फडकं सांगत नाही; मीही तसा दावा करणार नाही.

धूळ कुणाची हे कळलं नाही तरी ती कोणत्या जातीची आहे हे हाताला कळतं, आणि साफसफाईला तेवढंच पुरतं. कोळशाची पूड वेडीवाकडी, मऊ आणि चिकट. ती बोटाच्या रेषांमध्ये बसते आणि साबणाशिवाय निघत नाही. राख वेगळी. आपल्याकडे वीज बनवायला जो कोळसा जाळतात त्यात साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के राखच असते. भट्टीच्या उष्णतेत तिचे कण वितळतात, हवेत उडता उडता थंड होतात आणि काचेच्या गोल मण्यांसारखे होतात, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. त्यामुळे राख बोटाखाली घसरते, पसरते, आणि जोर लावून घासली तर टाइलची चकाकी हळूहळू मारते. गंमत अशी की याच राखेच्या विटांच्या भिंती इथे घरोघर आहेत, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सिमेंटमध्येही हीच राख मिसळलेली असते. म्हणजे भिंतीच्या आतही ती आणि भिंतीवरही ती. आतलीबद्दल कुणाची तक्रार नाही.

मग ती नेमकी याच पट्टीवर का साचते? एक कारण पंखा. छताचा पंखा हवा खाली ढकलतो, ती फरशीवरून सरकत भिंतीला धडकते आणि वर वळते. वळताना वेग मंदावतो आणि सोबत आणलेलं बारीकसारीक तिथेच टाकून जाते. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत आमच्याकडे पंखा बंद करायची सोय नसते. मे महिन्यात पारा 47 अंशांवर जातो त्या शहरात कोण बंद करणार? दुसरं कारण कूलर. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो. कूलरच्या खिडकीखालच्या दोन-तीन फुटांत धूळ, ओल आणि जड पाण्यातले क्षार मिळून एक पापुद्रा धरतो. उन्हाळा संपेपर्यंत तो नखानेही निघत नाही.

आणि तिसरं कारण मिस्त्री. बहुतेक ठिकाणी स्कर्टिंग म्हणजे फरशीच्याच टाइलचे कापलेले तुकडे. दोन फुटी टाइलमधून चार-चार इंचांच्या सहा पट्ट्या निघतात. त्यातल्या फक्त दोघींना कारखान्यातून आलेली गुळगुळीत कड असते. बाकीच्या दोन्ही बाजूंनी कापलेल्या. चांगला मिस्त्री गुळगुळीत कड वर ठेवतो आणि कापलेली वर आलीच तर घासून घेतो. घाईतला मिस्त्री कापलेली खरबरीत कड तशीच वर ठेवून निघून जातो. बोट फिरवून पाहा, लगेच कळतं. त्या कडेत अडकलेली पूड पुढची वीस वर्षं कुणीतरी ब्रशने काढत राहतं.

आमच्या तुकूममधल्या इमारतीत ते काम काकू करतात. मूल तालुक्यातल्या, इथे चार घरांचा झाडू-पोछा त्यांच्याकडे आहे. मी त्यांच्या मागे मागे बसून हे काम पाहिलं आणि थोडं केलं. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या हातातली बादली बाजूला सारून.

“आधी पानी नोका लावू, वयनी. पानी लावलं का त्याचं काजळ होते.”

होतंच. कोरडी पूड भिजली की वरच्या डिस्टेंपरमध्ये शिरते आणि पट्टीच्या वर बोटभर रुंदीची काळपट रेघ उमटते. शहरातल्या निम्म्या घरांत ती रेघ आहे, आणि ती धुळीने नव्हे, पोछ्याने काढलेली आहे. काकूंची रीत अशी: पंखा बंद. दुपट्टा नाकावरून घट्ट बांधलेला. हातात रंगाऱ्याचा दोन इंची मऊ ब्रश. ब्रश उभा धरून फटकारायचा नाही. आडवा टेकवून कडेवरची धूळ स्वतःकडे ओढत आणायची आणि खाली धरलेल्या सुपलीत उतरवायची. फटकारलं की ती उडते, तासभर खोलीत तरंगते आणि रात्री पुन्हा तिथेच येऊन बसते, शिवाय अर्धी आपल्या छातीत जाते.

मग कामटी. बांबूचा चपटा, टोकाला तासलेला तुकडा, त्यावर जुन्या बनियनची चिंधी. पट्टी आणि फरशी यांच्यामधल्या फटीत, जिथे व्हाइट सिमेंट भरलेलं असतं, तिथे ती बरोबर जाते. टूथब्रशचे केस त्या फटीत वाकतात. सुरीने सिमेंट उकरलं जातं. बांबू टणक असला तरी टाइलला ओरखडा काढत नाही. रंगकामात सांडलेले ऑइलपेंटचे वाळके थेंबही काकू त्याच कामटीने खरवडतात. बांबूच्या जिल्ह्यात राहून मी यासाठी दुकानातून प्लॅस्टिकचं हत्यार आणलं होतं. ते आता डब्याचं झाकण उघडायला वापरते.

पाणी येतं ते शेवटी. फडकं इतकं पिळलेलं की मुठीत दाबलं तरी थेंब पडू नये. दोनदा घडी घातली की फडक्याला आठ तोंडं मिळतात. एक तोंड, एक ओढ, कोपऱ्याकडून दाराकडे. मग तोंड बदलायचं. मागेपुढे घासायचं नाही. आठही तोंडं काळी झाली की एका बादलीत खळबळायचं आणि दुसऱ्या बादलीत निवळायचं. पहिल्या बादलीत साबणाची पूड चिमूटभरच, कारण जास्त साबण पट्टीवर वाळला की त्याचा थर चिकट होतो आणि चार दिवसांत दुप्पट धूळ धरतो. “चमक पायजे म्हनून लोकं वाटीभर टाकतेत,” काकू म्हणाल्या, “मंग मलेच बोलावतेत.”

डिस्टेंपरवरची ती रेघ मात्र पाण्याने जात नाही. तिच्यावर मुलांचं खोडरबर चालतं, हलक्या हाताने, वरून खाली. सगळी जात नाही, पण फिकट होते.

सिमेंटचे डाग ऍसिडने काढायची इथे मोठी हौस आहे. काकू ऍसिडला हात लावत नाहीत आणि मला ते पटतं. डाग जातो हे खरं, पण ऍसिड फटीतलं सिमेंटही खातं, आणि कोटा किंवा शहाबादी असेल तर दगडाचं तोंडच मारतं. उघडी फट म्हणजे झुरळांना दार. त्याहून वाईट म्हणजे उधईला.

उधई इथल्या स्कर्टिंगच्या मागून चढते. पट्टी बसवताना मागे माल नीट भरला नसेल तर पोकळी राहते. बोटाच्या पेराने ठोकलं तर तिथला आवाज वेगळा येतो. पुसता पुसता काकू दर दोन हातांवर ठोकत जातात. दाराच्या चौकटीजवळ तर नक्कीच, कारण उधईला जायचं असतं तिथे. चौकट सागवानी असली म्हणून निश्चिंत होता येत नाही. सागाचा आतला पिवळसर-तपकिरी गाभा ती सहसा सोडून देते, पण बाहेरचं पांढरं लाकूड आवडीने खाते, आणि ठेकेदाराने दिलेल्या चौकटीत पांढरं किती आहे हे पॉलिशखाली दिसत नाही. त्यात रोजचा पोछा चौकटीचे पाय भिजवतो. 2023च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत रवाना झालं, त्याचं आम्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. त्याच बल्लारपूरपासून काही मैलांवरच्या फ्लॅटांत चौकटीचे पाय मात्र अंगठ्याने दाबले तर आत जातात. चौकटीला म्हणून साबणपाणी नाही. कोरडं फडकं, नंतर जवसाच्या तेलाचं बोट, आणि ते तेल दुसऱ्या कापडाने पूर्ण पुसून काढायचं. ठेवलं तर कोळसा त्यावरच येऊन बसेल.

काकूंच्या गावच्या घराला स्कर्टिंग नाही, पण पट्टी आहे. मूल, सिंदेवाही, पलीकडे गडचिरोलीतही, मातीच्या किंवा कुडाच्या भिंतींच्या घरात जमीन सारवताना हात भिंतीवर वीतभर वर चढवतात. वरची भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली, खाली शेणामातीचा किंवा गेरूचा पट्टा. पाण्याचे शिंतोडे, झाडूचा मार, कोंबड्यांची उकरा-उकर हे सगळं तो पट्टा झेलतो. तो कधी पुसत नाहीत. मळला, पोपडे आले की त्यावरच नवा हात फिरवतात. उधईची मातीची नळी त्यावर लगेच दिसते, कारण तिच्यासमोर कपाट नसतं आणि मागे पोकळी नसते. मी त्या घरांचे गोडवे गाणार नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला सारवणं काय असतं ते काकूंच्या तळहाताला विचारावं. पण बांधणाऱ्यानेच रोज हात लावायचा, हा त्या पट्टीचा हिशेब होता. फ्लॅटमध्ये लावणारा एक, पुसणारी दुसरी.

पुसणारीचा हिशेब तर कुठेच नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. पण कोणत्या कामाला किती, हे आजही दारात उभं राहून ठरतं. झाडू-पोछ्याच्या महिन्याच्या पैशात स्कर्टिंग धरायचं की नाही यावर आमच्या मजल्यावर दोन मतं आहेत. “फरशी पुसतेच आहे, तर जरा वर हात फिरवला तर काय झालं?” हे एक मत, आणि ते मांडणाऱ्यांपैकी कुणी उकिडवं बसून चाळीस फूट सरकलेलं नाही. कोळशाच्या शहरात ‘जरा वर हात’ हे वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे द्यायला हवेत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

काकूंनी आता खोलीचा दर लावला आहे. दसऱ्याच्या आधी एकदा आणि होळीनंतर, कूलर खिडकीला लागायच्या आत, एकदा. पलंग-कपाट हलवायला त्यांचा मुलगा येतो, त्याचे वेगळे. कूलरच्या खिडकीखालचा पापुद्रा ओल्या फडक्याखाली रात्रभर भिजत ठेवायची जबाबदारी घरमालकिणीची. आणि स्वयंपाकघर लहान असलं तरी दोन खोल्या धरायचं. फोडणीचं तेल पट्टीवर बसतं, त्यावर पूड बसते, पुन्हा तेल, पुन्हा पूड. तिथे कोरडा ब्रश नुसता घसरतो. आधी खायच्या सोड्याचं गरम पाणी, मग कामटी, मग पुन्हा गरम पाणी, आणि गॅसच्या ओट्याच्या बाजूच्या कोपऱ्यात हे सगळं दोनदा. तिथे घासाघीस करू पाहणाऱ्या शेजारणीला काकूंनी ब्रश पुढे केला आणि म्हटलं, “तुमीच पाहा न करून एक कोपरा. मी चहा मांडते तोपर्यंत.”