तारकर्लीच्या सागरतळाची सफर : कर्जत-खालापूरकरांसाठी

उल्हास आणि पाताळगंगेच्या पाण्यात ज्यांचे बालपण भिजले, त्या आपल्या मुलखातील मंडळींनी एकदा तरी मालवणचा सागरतळ डोळे भरून पाहावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पनवेलहून कोकण रेल्वेने कुडाळ गाठून तारकर्लीस मुक्काम करावा. आणि पावसाळ्यात जलक्रीडा बंद असल्याने ही सारी तजवीज नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाणी निवळलेले असताना करावी. दमा वा हृदयविकार असल्यास वैद्यकीय दाखला आधीच घ्यावा.

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून उतरताना, कान दुखण्याची वाट न पाहता, चिमटीत नाक धरून हलकेच श्वास ढकलावा, की कानात बारीकसा 'टक्' आवाज होऊन दडा सुटतो. पडसे असताना ही क्रिया साधत नाही. त्या दिवशी उतरूच नये. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातील प्रवाळास, तो कितीही मोहक दिसला तरी, स्पर्श करू नये.

परतल्यावर लगोलग माथेरान चढण्याचा मोह मात्र आवरा : शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास अवधी लागतो, म्हणून अखेरच्या बुडीनंतर किमान अठरा तास सखल भागातच राहावे.