पत्ता सोडून सारे काही

चैत्र लागला की आमच्या घरात पहाटे दोन आवाज एकदमच सुरू होतात. एक परसातल्या शेवग्यावर बसणाऱ्या दयाळाचा आणि दुसरा माझ्या उशाशी ठेवलेल्या मोबाईलचा. पहिल्याने मन प्रसन्न होते, दुसऱ्याने सौभाग्यवतींचा पारा चढतो. "आले वाटतं तुमचे पाहुणे!" हे तिचे रोजचे स्वागत. पाहुणे म्हणजे पक्ष्यांचे फोटो. आमच्या तालुक्यातल्या आणि पुण्याकडच्या मिळून चाळीसएक पक्षिवेड्यांचा एक गट आहे. त्यात बँकेतले कारकून आहेत, दोन डॉक्टर आहेत, एक किराणा दुकानदार आहे, आणि कॉलेजात मराठी शिकवणारा मी आहे. रविवारी रानात ज्याला जे दिसले ते त्याने सोमवारचा चहा होण्याआधी सर्वांपुढे मांडायचे, असा आमचा अलिखित शिरस्ता.

या नादाला मला लावले ते आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी. पंधरा वर्षांपूर्वी एका पावसाळी सहलीत मी धबधब्यापाशी मुलांची हजेरी घेत होतो. पलीकडून कोणीतरी टवाळ पोरगा शीळ घालीत होता. सूर बरा, पण गाणे काही केल्या पुरे होईना. मी आवाज चढवून म्हणालो, "कोण आहे रे तो?" मुले हसू लागली. सरांनी आपली दुर्बीण माझ्या हाती दिली आणि ओढ्यातल्या खडकाकडे बोट दाखवले. तिथे एक काळसर निळा पक्षी निवांत बसला होता. खांद्यावर चकाकत्या निळ्या रंगाचा डाग. शीळकरी कस्तूर! इंग्रजांनी या पक्ष्याला 'शीळ घालणारा शाळकरी पोर' असे टोपणनाव दिले आहे, हे मला मागाहून कळले. म्हणजे फसणारा मी पहिलाच नव्हतो.

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या या गानकुळातल्या. गानकुळातला म्हणजे सुरेल असे मात्र समजू नये. शास्त्राच्या लेखी कावळाही गानपक्षीच ठरतो; आमच्या गॅदरिंगमध्ये गाणारे काहीजण पाहता मला यात नवल वाटत नाही. पण खरे गवई म्हणजे दयाळ, कस्तूर, सुभग, बुलबुल, हळद्या. मूठभर आकाराचे, पानापानांत वावरणारे, आणि घटकाभरही स्वस्थ न बसणारे. आधी आवाज येतो. मग मान दुखेपर्यंत शोधाशोध. मग एखादे पान हलते, आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत बुवा पुढच्या झाडावर! अशा पक्ष्याचा धड फोटो मिळणे म्हणजे गाणे ऐकल्याची पावती मिळण्यासारखे आहे. पावती मिळाली की ती चारजणांना दाखवल्यावाचून राहवत नाही.

एके काळी ही पावती बंदुकीने घेत. पक्षी ओळखायचा तर तो हातात यायला हवा, आणि हातात यायचा तर मरायला हवा. सालिम अलींची कथा सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती म्हणून विचारायला हा मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला, आणि त्या पीतकंठी चिमणीच्या प्राणाच्या मोलाने देशाला एक पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. तिकडे इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोघा भावांनी १८९२ साली कस्तुराच्या एका भाऊबंदाचे अंड्यांसकट घरटे कॅमेऱ्यात टिपले. पुढे तर पक्ष्यांनी बिचकू नये म्हणून त्यांनी एका बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात बसून फोटो काढले. या भावांपुढे आमची वेडे फारच बेताची!

आणि या वेडाचा उपयोगही होतो. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. तो ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा हिशेब मांडला असून त्यांतल्या १७८ जातींना तातडीने जपायला हवे, असे म्हटले आहे. नोंदी करणारे बहुतेक आमच्यासारखेच हौशी. आमचे किराणावाले दुकान उघडण्याआधी तासभर माळावर जातात, त्यांचाही या ३ कोटींत खारीचा वाटा आहे.

माझा वाटा नावांपुरता. फोटो आला की इंग्रजी नाव पहिल्या मिनिटाला येते. मराठी कोणते यावर मात्र दुपार होते. २०२५ साली आपल्यातून गेलेल्या मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश मी त्यासाठी टेबलावरच ठेवतो. एकाच पक्ष्याची किती नावे! स्वर्गीय नर्तकाचेच घ्या. हिंदीत तो दूधराज; मध्य प्रदेशाने त्याला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. आमच्या ओढ्याकडे शेळ्या चारणारी एक आजी त्याला नुसते 'शेपटीवाला' म्हणते. मादी आणि तरुण नर तांबूस. वयात आलेला नर मात्र दुधासारखा पांढरा, डोके काळेभोर तुऱ्याचे, आणि मागे हातभर लांबीच्या दोन पांढऱ्या फिती. एकदा पाहिला की माणूस दोन दिवस जमिनीवर नसतो.

२०२२ च्या जूनमध्ये मला त्याचे घरटे सापडले.

आंब्याच्या खालच्या फांदीच्या बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली एवढीशी वाटी. या जातीत नर-मादी दोघेही अंडी उबवतात. मी गेलो तेव्हा पाळी नराची होती. वाटीत त्याचे अंग कसेबसे मावलेले, आणि शेपटीच्या फिती बाहेर लोंबून वाऱ्यावर हलत होत्या. मी दोन फोटो काढून आलो. संध्याकाळी गटावर टाकले, आणि कौतुकाच्या भरात खाली लिहिले: अमुक ओढा, पुलापासून तिसरा आंबा. शंभर निबंध तपासून जेवढे समाधान मिळत नाही, तेवढे त्या रात्री मला मिळाले. नेहमी मुके असणारे सभासददेखील बोलले. कोणीतरी तो फोटो दुसऱ्या गटावर दिला, तिथून तो तिसऱ्यावर गेला.

रविवारी मी पोहोचलो तेव्हा आंब्याखाली नऊ कॅमेरे होते. त्यांतले सहा चेहरे मी कधी पाहिलेले नव्हते. सिंहगडाच्या पायथ्याला हिवाळ्यात निलांगासमोर तिपायांची रांग लागते ती मी पाहिली होती; पण तो पक्षी कंटाळला तर उडून जाऊ शकतो. अंड्यांवर बसलेला कुठे जाणार? फांदीवरची पाने मध्ये येत होती, म्हणून कोणी तरी ती खुडली होती. खाली ताज्या डहाळ्या पडल्या होत्या. एकाने मोबाईलवर त्याच जातीच्या नराचा आवाज लावला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे वाटून बिचारा घरटे सोडून धावला, या झाडावरून त्या झाडावर वैरी शोधू लागला. आणि इकडे कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट. मी काही बोललो का? "जरा हळू," एवढेच म्हणालो. मास्तर असून वर्गाबाहेर माझा आवाज चढत नाही. शिवाय त्यांना बोलावले कोणी होते?

मंगळवारी घरटे कलंडलेले होते. खाली टरफलाचे दोन तुकडे आणि मुंग्या. पाने गेल्यामुळे ती वाटी चहूबाजूंनी उघडी पडली होती. कावळ्याने पाहिली असेल, नाहीतर भारद्वाजाने. सरांना सांगताना मी तेच म्हणालो, की भारद्वाजाने नेली असतील, निसर्गात हे चालायचेच. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भारद्वाजाला पत्ता कुणी दिला?"

त्या दिवशी घरी आल्यावर मी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून वाचला. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आहे. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणेच नव्हे, तर अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे हेही त्या व्याख्येत बसते. शब्दांच्या व्याख्या वर्गात समजावून सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. ही एक तेवढी ठाऊक नव्हती.

गटाने पुढे नियम केला: घरट्याचा फोटो नाही, आवाज वाजवणे नाही, विणीच्या दिवसांत ठिकाण नाही. दोघेतिघे रागावून गट सोडून गेले. "मग पाहायचं तरी काय?" हा त्यांचा प्रश्न अगदीच गैर होता असे मी म्हणणार नाही. कोणी सांगितले नसते तर मला तरी तो कस्तूर कुठे दिसला असता? आणि सरांचे काय? दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हापासून रान त्यांना बंद झाले आहे. आम्ही पाठवतो ते फोटो, तेवढेच त्यांचे जंगल. चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल नाकाशी धरून ते एकेक फोटो पाहतात आणि पायांच्या रंगावरून आमच्या चुका काढतात. फोटो पाठवणे बंद करावे, हा विचार मी कधीच करू शकलो नाही.

यंदा मृगाच्या आरंभी तो पांढरा पक्षी पुन्हा दिसला. तोच की दुसरा, कोण जाणे. मी ओढ्याकाठी अर्धा तास लांब बसून राहिलो. तो एकदा पाण्यावर झेप घेऊन गेला, एकदा चोचीत बारीकसा तंतू घेऊन दाट पानांत शिरला. तो कुठे शिरतो आहे हे माझ्या लक्षात आले. मी तिकडे गेलो नाही. येताना पाण्यावरच्या झेपेचा एक फोटो मिळाला होता, थोडा हललेला. तोच सरांना पाठवला.

दोन मिनिटांत त्यांचे उत्तर आले, "वा! कुठे दिसला?"

मी लिहिले, "झाडावर."

बराच वेळ मोबाईल गप्प होता. मग सरांचा निरोप आला, "उजव्या फितीचं टोक झडलंय. नीट पाहा."