अहवाल येईपर्यंत गहू बंद करू नये

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय बोलू न शकणाऱ्या बालकाच्या वेदना लक्षणांवरून कशा ओळखाव्यात हे सांगतो. तपासण्यांच्या फेऱ्यांनी थकलेल्या मातापित्यांच्या वेदना वैद्याने स्वतःच ओळखावयाच्या असतात. दोन वर्षांचे मूल, वजन वाढत नाही, पोट फुगलेले, मल पातळ. ग्रहणीचे चित्र समोर दिसते आणि गहू वर्ज्य सांगण्याचा मोह होतो. बालरोगतज्ज्ञांना सीलिअ‍ॅक रोगाची शंका असल्यास आम्ही तो आवरतो. टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी व लहान आतड्याची बायोप्सी मूल गहू खात असतानाच विश्वसनीय ठरते. आधीच पथ्य केल्यास रोग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग निश्चितीसाठी त्याच मुलास पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालावा लागतो. (औषधालयाच्या मालकांनीही हा फुकटचा सल्ला गल्ल्यावरून देऊ नये.) रक्तातील एकूण आयजीए कमी असल्यासही टीटीजी फसवे ठरते, म्हणून फाइल आम्ही पूर्ण वाचतो.

"नक्की काय झालंय हो, डॉक्टर?" या प्रश्नास आम्ही सरळ उत्तर देतो : "अजून ठाऊक नाही. अहवाल येईपर्यंत पोळी चालू ठेवा." आजी बहुधा रागावतात. वजन मात्र दर आठवड्यास त्याच काट्यावर घेतो आणि नोंदीचा कागद आईच्या हाती देतो.